पनवेलच्या फलाटावर मनाने दिलेला कौल

वाचकाचे पत्र

गणपती आटोपून मी चिपळूणहून ठाण्याला परत येत होते. गाडीला बराच उशीर झाला आणि पनवेलला उतरले तेव्हा रात्रीचे सव्वाबारा वाजून गेले होते. ठाण्याची शेवटची लोकल चुकली होती. आता घोडबंदरला कशी पोहोचू, असे मी मैत्रिणीला फोनवर सांगत होते. फोन ठेवला तोच पन्नाशीचे एक गृहस्थ जवळ आले आणि म्हणाले, "चिपळूणहून आलात ना? मीही याच गाडीने आलो, मागच्या डब्यात होतो. या वेळेला रिक्षावाले लुबाडतात. माझी गाडी बाहेर उभी आहे, घोडबंदरलाच चाललोय, सोडतो तुम्हाला." इस्त्रीचे कपडे, पायात स्लिपर, हातात काही नाही, बोलणे अगदी मऊ. मी नको म्हटले, तेव्हा ते हसून म्हणाले, "अहो, तुमच्या वडिलांच्या वयाचा आहे मी." मी पुन्हा नको म्हटले, तर त्यांनी माझी बॅग उचलली आणि जिन्याकडे चालू लागले. माझ्या पोटात एकदम गोळा आला. ओरडावेसे वाटले, पण आवाज फुटेना. शेवटी धावत जाऊन बॅगेचा पट्टा ओढून घेतला आणि तिकीट खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. ते बराच वेळ लांबून बघत होते, मग निघून गेले. घरी सांगितले तर भाऊ म्हणाला, "एका चांगल्या माणसाचा अपमान केलास." आई म्हणते, यापुढे एकटीने प्रवास नको. आता लिफ्टमध्ये कोणी अनोळखी पुरुष आला तरी छाती धडधडते. माझ्या मनाने दिलेला कौल खरा होता, की मी संशयी झाले आहे? अशा कौलावर किती विश्वास ठेवावा?

– वय २७, ठाणे

उत्तर

प्रिय वाचक,

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते आणि कारणे मागाहून सांगते. त्या रात्री तुमचे मन बरोबर सांगत होते. तो माणूस गुन्हेगार होता की नाही हे मला सांगता येणार नाही, बहुधा तुम्हालाही ते कधी कळणार नाही, आणि ते कळण्यावर काही अवलंबूनही नाही. कुणावर आरोप करायचा असेल तर पुरावा हवा. कुणाच्या गाडीत बसायचे नसेल तर आपली इच्छा नाही एवढे पुरते. तुमच्या भावाने या दोन गोष्टी एकच मानल्या, आणि तुमच्या मनातला गोंधळ तिथून सुरू झाला, असे तुमचे पत्र पुन्हा पुन्हा वाचल्यावर मला वाटते.

आता तुमच्याच पत्रातले काही तपशील तुमच्यासमोर ठेवते. तुम्ही ते लिहून गेला आहात, पण त्यांचा अर्थ लावायचा राहिला आहे. गणपती करून कोकणातून परतणाऱ्या माणसाच्या हातात निदान एखादी पिशवी तरी असते. याच्या हातात काहीच नव्हते. उशिराने धावणाऱ्या, सणाच्या गर्दीने भरलेल्या गाडीतून कित्येक तास प्रवास केलेल्या माणसाच्या कपड्यांची इस्त्री शाबूत राहत नाही. तुम्ही कुठे जाणार हे त्याने तुम्हाला विचारले नाही, तरी ते त्याला ठाऊक होते, कारण तुमचे फोनवरचे बोलणे त्याने ऐकले होते. आणि नेमके तेच ठिकाण त्याचेही निघाले. स्टेशनबाहेर गाडी लावून गावी जाणारे लोक असतात, त्यामुळे त्या एका गोष्टीला मी फार महत्त्व देणार नाही. परंतु तुम्ही दोनदा नको म्हटल्यावर त्याने तुमची बॅग उचलली, याला मी सर्वांत जास्त महत्त्व देते. आणि तुम्ही तिकीट खिडकीपाशी गेल्यानंतर, अपमानित होऊन आपल्या वाटेने निघून जाण्याऐवजी, तो लांब उभा राहून तुमच्याकडे पाहत राहिला. घोडबंदरला जायची त्याची घाई मग कुठे गेली?

फलाटावरच्या त्या दोन मिनिटांत तुम्ही या सगळ्याची मांडणी केली नव्हती आणि करणे शक्यही नव्हते. पण डोळ्यांनी रिकामे हात पाहिले होते, कानांनी घोडबंदर हा शब्द टिपला होता. मेंदूत कानशिलांच्या आतल्या बाजूला बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो, त्याला अमिग्डाला म्हणतात. धोक्याची चाहूल लागताच, आपण त्याचा शब्दांत विचार करण्याच्या आधीच, तो शरीराला सावध करतो. हृदयाची गती वाढते, पोटाकडचा रक्तपुरवठा कमी होऊन तो स्नायूंकडे वळतो, आणि आपण म्हणतो की पोटात गोळा आला. तुम्ही कोकणातल्या असल्यामुळे कौल हा शब्द तुमच्या लेखणीत सहज आला असावा. देवळात गुरव आधी गाऱ्हाणे घालतो, देवाला प्रश्न विचारतो आणि मग उजवा किंवा डावा कौल मिळतो. शरीराची रीत याच्या उलट आहे. उत्तर आधी मिळते आणि प्रश्न कोणता होता हे आपल्याला घरी आल्यावर, कधी कधी पत्र लिहायला बसल्यावर उलगडते. म्हणून त्या क्षणी कारण सांगता आले नाही याचा अर्थ कारण नव्हते असा होत नाही.

तुमचा भाऊ त्याला चांगला माणूस म्हणतो, ते तो मदत करू पाहत होता म्हणून. न मागता पुढे केलेली मदत हे गुन्हेगारांचे किती जुने साधन आहे, ते त्याला कदाचित माहीत नसेल. चार्ल्स शोभराजचे नाव त्याने नक्की ऐकले असेल. तो परदेशी पर्यटकांशी गोड बोलून मैत्री करायचा, त्यांची सोय बघायचा, त्यांना औषधे द्यायचा. आणि काही जणांना त्याने आधी स्वतःच गुंगीचे किंवा विषारी औषध देऊन आजारी पाडले होते आणि मग त्यांची शुश्रूषा केली होती. १९७६ साली दिल्लीत फ्रेंच विद्यार्थ्यांच्या एका गटाला त्याने पोट बिघडू नये म्हणून गोळ्या दिल्या. त्यातले काही जण भराभर कोसळू लागले तेव्हा शुद्धीवर असलेल्यांनी हा योगायोग असेल असा विचार केला नाही. त्यांनी त्याला धरून ठेवले आणि पोलिसांना बोलावले. पुढे १९८६ च्या मार्चमध्ये तिहारच्या पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई खाऊ घालून तो पळाला आणि एप्रिलमध्ये मुंबई पोलिसांचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी त्याला गोव्यात पर्वरीच्या एका उपाहारगृहात पकडले. त्याला भेटलेल्या अनेकांना तो सभ्य आणि उमदा वाटला होता. बोलण्यातला गोडवा हे एक कौशल्य आहे आणि ते चांगल्या माणसाकडे असते तसे वाईट माणसाकडेही असू शकते.

आपल्याकडे या कौशल्याला नात्याच्या शब्दांची जोड मिळते, आणि हे मला फार बोचते. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे पुण्याच्या स्वारगेट एसटी स्थानकात फलटणच्या गाडीची वाट पाहणाऱ्या एका तरुणीच्या बाबतीत जे घडले ते तुम्ही वाचले असेल. पोलिसांकडे नोंदवलेल्या फिर्यादीनुसार, एका माणसाने तिला "ताई" म्हणून विचारपूस केली, तिची गाडी दुसरीकडे लागली आहे असे सांगितले आणि तिला आवारात उभ्या असलेल्या एका शिवशाही बसकडे नेले. आत अंधार असल्यामुळे ती बिचकली, तेव्हा प्रवासी झोपले आहेत असे सांगण्यात आले, आणि त्या बसमध्ये तिच्यावर बलात्कार झाला. आरोप सिद्ध झाला की नाही हे न्यायालय ठरवेल. मला एवढेच दाखवायचे आहे की अंधाऱ्या बसपाशी तिचे पाऊल अडले होते, म्हणजे तिच्याही मनाने कौल दिला होता, आणि तो "ताई" या शब्दाने व एका पटण्यासारख्या स्पष्टीकरणाने बाजूला सारला गेला. यात तिचा तसूभरही दोष नाही. ताई म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायला आपणच मुलींना शिकवलेले असते. तुमच्या फलाटावर ताईच्या जागी "वडिलांच्या वयाचा" हे शब्द आले. तुम्ही ज्या गोष्टीला नकार देत होता तिचा त्याच्या वयाशी काही संबंध नव्हता. तरीही ते शब्द उच्चारले गेले, कारण त्यानंतर नको म्हणणे म्हणजे वडिलधाऱ्याचा अनादर करणे असे तुम्हाला वाटणार होते.

स्वारगेटच्या घटनेनंतर ती ओरडली का नाही, असे जाहीरपणे विचारले गेले. तुम्हीही स्वतःला तोच प्रश्न विचारत आहात, असे "आवाज फुटेना" या शब्दांवरून वाटते. भीतीच्या टोकाला शरीर कधी पळते, कधी प्रतिकार करते आणि कधी जागच्या जागी थिजते. यातले काय घडेल हे माणूस निवडत नाही. आवाज न फुटणे ही संमती नसते आणि भित्रेपणाही नसतो. तुमचा आवाज बंद झाला असतानाही तुमच्या हातांनी पट्टा ओढला आणि पाय उजेडाकडे, माणसांकडे धावले. यापेक्षा अधिक काही करायला हवे होते असे मला वाटत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते: अशा कौलावर किती विश्वास ठेवावा? इथे मला थोडे सावकाश बोलावे लागेल, कारण मनाचे ऐका असे सरसकट सांगणारा सल्ला अपुरा आहे आणि आपल्या राज्यात त्याची फार मोठी किंमत मोजली गेली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती आणि आठवडी बाजाराच्या गावात हे अनोळखी लोक दिसले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेचे बळी ठरले. त्या जमावांतल्या माणसांना विचारले असते तर त्यांनीही आम्हाला संशय आला, आमचे मन सांगत होते, असेच म्हटले असते. ज्याचा पोशाख वेगळा, भाषा वेगळी, अंगावर गरिबी दिसते, त्याच्याविषयी मनात उठणारी भीती बहुतेक वेळा त्या माणसाला पाहून उठलेलीच नसते. ती कुणीतरी आधी आपल्या मनात पेरून ठेवलेली असते आणि कुणीही फाटका माणूस तिला निमित्त म्हणून पुरतो.

या दोन भीतींतला फरक त्या क्षणीही करता येतो. आपण त्या माणसाच्या दिसण्याला घाबरलो आहोत की त्याच्या वागण्याला, हे स्वतःला विचारावे. तुमच्या पत्रातल्या माणसाचे दिसणे सभ्य होते. तुम्ही घाबरलात ते त्याच्या वागण्याला. मी पुण्यात वाढले आणि १९७६-७७ मध्ये जोशी-अभ्यंकर हत्याकांडाच्या काळात शाळेत होते. दिवेलागणीनंतर आमच्या वाड्याचा दिंडी दरवाजा बंद व्हायचा, आणि एरवी ज्यांना कडी वाजवावी लागत नसे त्या शेजाऱ्यांनाही वडील आतूनच नाव विचारायचे. वाटेने जाणारा प्रत्येक परका माणूस, प्रत्येक फेरीवाला तेव्हा आम्हाला खुनी वाटत असे. अखेर पकडले गेले ते पुण्यातल्याच एका कला महाविद्यालयाचे विद्यार्थी, वर्गात बसणारी, हॉटेलात चहा पिणारी मुले. दहा जणांचे जीव गेले होते. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. आम्ही ज्या फेरीवाल्यांकडे संशयाने पाहिले त्यांची आठवण मला अजूनही अस्वस्थ करते.

दुसरा फरक असा की खऱ्या कौलावरची कृती बहुधा स्वतःपुरती असते: मी बाजूला होईन, मी गाडीत बसणार नाही, मी उजेडात जाऊन थांबेन. एवढे करण्यासाठी अंगावर आलेला शहारा पुरेसा आहे आणि तो चुकला तरी समोरच्याचे फार तर दोन मिनिटे मन दुखावते. त्या माणसाला थांबवायचे, पकडायचे, त्याच्याविषयी चारचौघांत काही बोलायचे किंवा त्याचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचा, असे वाटू लागले की मनाच्या कौलाचे काम संपते. तिथून पुढे पोलिसांचे काम सुरू होते. तुम्ही त्या रात्री फक्त बाजूला झालात. म्हणूनच तुम्ही संशयी झाला आहात असे मला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या आईसाठी. एकटीने प्रवास नको असे त्या म्हणतात त्यामागची काळजी मला समजते, पण धोका फक्त परक्या माणसांकडून आणि फक्त घराबाहेर असतो या समजुतीवर ती उभी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे हेच दिसते की बलात्काराच्या नोंदवलेल्या गुन्ह्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. ज्या मनाने पनवेलला कौल दिला तेच मन कार्यालयात, नात्यात, शेजारातही कौल देते, आणि तिथे तो मानणे अधिक अवघड असते, कारण तिथे तिकीट खिडकी नसते आणि माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटणार असतो. प्रवास बंद करून आई तुम्हाला या कशापासूनही वाचवू शकणार नाहीत. तुम्ही नको म्हणाल तेव्हा घरचे तुमच्या पाठीशी उभे राहतील, ही खात्री मात्र त्या देऊ शकतात, आणि ती भावानेही द्यावी. हे पत्र त्यांना अवश्य वाचायला द्या.

पुन्हा असा प्रसंग आला तर काय करावे, हे तुम्ही विचारले नाही, तरी सांगते. पहिल्या नकारानंतर कारणे देऊ नयेत, कारण दिलेल्या प्रत्येक कारणावर समोरच्याकडे एक तोड असते. "लोकल चुकली" म्हटले की "माझी गाडी आहे" हे उत्तर तयारच असते. मोठ्याने बोलावे आणि "तुम्ही" म्हणूनच बोलावे: "मी तुम्हाला ओळखत नाही. माझी बॅग खाली ठेवा." रागाच्या भरात आपण अरे-तुरेवर येतो आणि आजूबाजूच्यांना ते नवरा-बायकोचे किंवा बापलेकीचे भांडण वाटते. "तुम्ही" ऐकले की हा परका माणूस आहे हे फलाटावरच्या हमालालाही कळते. बॅग सोडावी लागली तर खुशाल सोडा. रेल्वेत असाल तर १३९ आणि एरवी कुठेही ११२ हा क्रमांक लावा. फोन लावण्यासाठी गुन्हा घडून जाण्याची वाट पाहायची नसते. अशा वेळी पहाटेच्या पहिल्या लोकलपर्यंत रेल्वे सुरक्षा दलाच्या चौकीजवळ किंवा प्रतीक्षालयात बसून राहणे कंटाळवाणे असले तरी चांगले. आणि फलाटावर फोनवर बोलताना कुठे जायचे आहे आणि एकटी आहे या दोन गोष्टी मोठ्याने सांगू नयेत. असे बोलल्यामुळे दोष तुमच्याकडे येत नाही, पण त्याच्या हाती धागा मात्र तिथूनच लागला.

हे सदर वाचणाऱ्या सज्जन पुरुषांनाही एक विनंती आहे. रात्री अडकलेल्या मुलीला मदत करायची इच्छा असेल तर चार हात लांब उभे राहून रिक्षा स्टँड किंवा पोलीस चौकी कुठे आहे ते सांगावे, तिच्या सामानाला हात लावू नये आणि तिने नको म्हटले की वाईट वाटून न घेता निघून जावे. खऱ्या हितचिंतकाला एवढे जड जात नाही.

लिफ्टमधल्या धडधडीविषयी सांगायचे तर, पनवेलचा गोळा एका विशिष्ट माणसाच्या विशिष्ट वागण्याने उठला होता. लिफ्टमधली धडधड कुणीही आले तरी उठते. ही दुसरी भीती म्हणजे पहिलीचे उरलेले वळ आहेत, तिला कौल समजू नका आणि तिच्यासाठी स्वतःला दोषही देऊ नका. बहुतेकांची ती काही आठवड्यांत ओसरते. महिना उलटूनही झोप लागत नसेल, तो प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत असेल किंवा बाहेर पडणे टळू लागले असेल, तर समुपदेशकाला भेटावे. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

आज एक काम करा. त्या रात्रीचा प्रसंग आठवेल तसा कागदावर लिहून काढा: तारीख, वेळ, फलाट, जिना, इस्त्रीचे कपडे, स्लिपर, रिकामे हात, त्याची वाक्ये. तो वाईट होता असे त्यात लिहू नका. त्याने काय केले एवढेच लिहा. तो कागद पनवेलच्या रेल्वे पोलिसांकडे द्या. तुम्ही ठाण्यात राहत असल्यामुळे तो ठाण्याच्या रेल्वे पोलिसांकडेही देता येईल. दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दीतल्या पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, ही तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत स्पष्टपणे आली आहे. तुमच्या प्रसंगात गुन्हा नोंदवला जाईलच असे नाही, पण तोच माणूस दुसऱ्या कुणाच्या बॅगेला हात लावील त्या दिवशी तुमचा कागद तिच्या उपयोगी पडू शकेल. आणि दिवाळीला चिपळूणला जाणार असालच, तर परतीचे तिकीट स्वतः काढा, शक्यतो दिवसा पोहोचणाऱ्या गाडीचे.